माळ्यावरचा फुटबॉल

माझ्या कपाटात एक केशरी जर्सी आहे. धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घालून ठेवलेली. घालत मात्र नाही. कारण ती ज्या क्लबची आहे तो क्लबच आता नाही. बंद पडलेल्या दुकानाची पिशवी आपण भाजी आणायला वापरतो, पण जर्सीचं तसं नसतं ना राव!

क्लबचं नाव एफसी पुणे सिटी. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मी पुण्यात अगदी नवा होतो. हिंजवडीत नोकरी, बाणेरला तिघांत मिळून एक फ्लॅट आणि शनिवार-रविवार करायचं काय हा यक्षप्रश्न. पुणेकर मित्रांकडे पुणं होतं. शाळेचा ग्रुप, मामाचं घर, ठरलेलं अमृततुल्य, गणपतीतलं ढोलपथक. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी राजुऱ्याचा. राजुरा कुठे आलं, असं विचारलंत ना मनात? सगळेच विचारतात. चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरकडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा. तसंच पुढे जात राहिलं की तेलंगणा. ऑफिसात एवढं सांगेपर्यंत समोरच्याची कॉफी संपते, म्हणून मी नुसतं 'चंद्रपूर' सांगायचो. मग तेच माझं नाव पडलं. 'ए चंद्रपूर, बिल्ड टाकलं का?'

तर या चंद्रपूरला बालेवाडीच्या स्टेडियममध्ये एक गाव सापडलं. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस कोण, कुठे नोकरी करतो, काही माहीत नसायचं. पण गोल झाला की तो गळ्यात पडायचा. 2017-18 च्या मोसमात तर आम्ही पहिल्यांदा सेमीफायनल गाठली. 'आम्ही' हा शब्द मी पुण्यात पहिल्यांदा वापरला तो तेव्हा! पहिला सामना पुण्यात 0-0. मग 11 मार्च 2018 ला बंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि आम्ही 3-1 ने घरी आलो. त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅनेजरने विचारलं, बरं वाटत नाही का? खरं कारण सांगायची लाज वाटली.

2019 मध्ये क्लब बंद झाला. त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. मी ती बातमी कॅबमध्ये, मोबाइलवर वाचली. चार ओळींची होती. हरलेल्या टीमसाठी रडता येतं, पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हणता येतं. इथे पुढचं वर्षच नव्हतं.

क्लब गेला म्हणजे कुठं गेला?

आमच्या फ्लॅटमधल्या तिघांपैकी एक कोल्हापूरचा. ऑफिसात त्याचंही नाव 'कोल्हापूर'च. त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये तोंड पाडून बसलेलो बघून त्याने विचारलं,

'काय रे चंद्रपूर, घरातलं कोण गेलं काय?'

'क्लब गेला.'

'क्लब गेला म्हंजे? प्लेअर जातील, कोच जाईल. क्लब कुठं जातोय भावा?'

मी त्याला यादीच ऐकवली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड. 1962 पासूनचा क्लब, 2005-06 ला नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेला, ड्युरंड कप, फेडरेशन कप सगळं कपाटात. 2010 साली बंद. मुंबई एफसी, 2007 ला सुरू, 2017 ला बंद. आपल्या पुण्याचाच पुणे एफसी, तोही 2007 चा. आय-लीगमध्ये चांगला नावारूपाला आला आणि 2014-15 च्या मोसमानंतर दिसेनासा झाला. सगळीकडे चांगले कोच, चांगले खेळाडू, चांगले कप. आणि एक दिवस हिशेब जुळेना म्हणून कुलूप.

कोल्हापूरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'ह्ये सगळं कंपनीचं झालं. तू एकदा आमच्याकडं चल.'

जानेवारी 2020 मध्ये गेलो. लॉकडाऊन तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. सकाळी मिसळ झाली, दुपारी शाहू स्टेडियम. कोणत्या दोन तालमींचा सामना होता ते सांगत नाही. सांगितलं तर वाचकांतले कोल्हापूरकर दोन गटांत विभागले जातील आणि त्यातल्या एका गटाला माझा पत्ता हवा असेल!

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूरच्या फुटबॉल टीमची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ना कुठे 'युनायटेड', ना कुठे 'सिटी'. बहुतेक नावं तालमीची. तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, जोर-बैठका, घुमणारा शड्डू. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमींना बळ मिळालं. पुढे त्याच तालमींच्या पोरांच्या पायात फुटबॉल आला. कुस्तीने जागा, नाव आणि माणसं आधीच जमवून ठेवली होती. फुटबॉलला नवीन घर बांधावं लागलं नाही, तो या घरात राहायला आला.

आज कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, लीग चालवते. वरिष्ठ गटात 16 संघ. एका शहरात! आणि लोक बघायला येतात. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, त्यांच्या मांडीवर नातू. मागे कॉलेजची पोरं ताशा घेऊन. उजवीकडे एक सराफ, दुकान मुलावर सोपवून आलेला. लीगमध्ये खेळणारा मुलगा उद्या याच पेठेत दूध घालायला येणार, बँकेत कॅशवर दिसणार. त्यामुळे शिव्यासुद्धा नावानिशी, घराण्यासकट! याच गावातून अनिकेत जाधव निघाला. रिक्षाचालकाचा मुलगा. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताच्या टीममधून खेळला आणि 2022 मध्ये सीनिअर टीममध्येही.

सगळं गोड गोड नाही हं. या फुटबॉलचं भांडणही तितकंच प्रसिद्ध आहे. पेठेची इभ्रत म्हटल्यावर दगड उचलायला वेळ लागत नाही. सामने थांबलेत, पोलिसांचा मोठा बंदोबस्त लागलाय. पैसा वाढला तसे बाहेरचे खेळाडू आले, पार आफ्रिकेतलेही आले, आणि 'आपली पोरं बेंचवर का?' हा वादही आला. त्या दिवशीही दुसऱ्या हाफमध्ये एक बाटली आमच्या डोक्यावरून गेली. आजोबांनी नातवाचं डोकं हाताने झाकलं आणि मॅच बघत राहिले.

संध्याकाळी रूममेटच्या काकांनी तालमीत नेलं. आत कापूर आणि तेलाचा वास, भिंतीवर पैलवानांचे जुने फोटो, त्यांच्या शेजारी फुटबॉल टीमचे. काही फोटो इतके जुने की चेहरे पुसट झालेले, फक्त पट्ट्यांचे शर्ट दिसतात. काकांना प्रत्येकाचं नाव पाठ.

'काका, तुम्ही कुठल्या पोझिशनला खेळायचा?'

'मी? मी पावतीला.'

'म्हणजे?'

'म्हंजे वर्गणीची पावती फाडायचो. बत्तीस वर्सं. बॉलला कवा पाय लावला न्हाई.' मग लोखंडी कपाट उघडून त्यांनी वह्यांचा गठ्ठा दाखवला. कापडी बांधणीच्या वह्या. आता सगळा हिशेब पुतण्याच्या पिढीकडे दिलाय म्हणाले, किल्लीसकट. 'टीम हरली तर पुढल्या साली जिंकती. पर वही हरवली की संपलं बघा.'

मग त्यांनी साहजिकच विचारलं, 'तुमच्या गावाकडं हाय का टीम?'

'होती.'

'मग बुडाली कशी?'

मी म्हणालो, 'कोळशाचं गाव आहे काका. माणसं टिकत नाहीत. बदल्या होतात. सगळे पांगले.'

काकांनी मान हलवली. पटलं असावं त्यांना. मलाही पटलेलं होतं. चौदा वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो.

कोळशाचं गाव

तसं उत्तर खोटं नव्हतं. राजुऱ्याच्या आजूबाजूला कोळसा आहे, चुनखडी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. बाबा कोळसा खाणीत नोकरीला. आमच्या शेजारी एक घर तेलुगू, एक बिहारी, एक छत्तीसगढी, समोर एक गोंड कुटुंब. कोण कधी येईल, कोण कधी ट्रक भरून जाईल, नेम नाही. खरं तर आमचा तालुकाच ट्रान्सफरवर आलेला! 1956 पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा तो इकडे आला आणि 1959 मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. पुण्याचा क्लब हैदराबादला गेला तेव्हा बाबा फोनवर म्हणाले होते, 'आपण तिकडून इकडं आलो, तुहा क्लब इकडून तिकडं गेला. झाली फिट्टमफाट!'

अशा गावात टीम कशी टिकणार? मी स्वतःला हेच सांगत होतो. मग 2023 च्या एप्रिलमध्ये कंपनीने मला तीन महिन्यांसाठी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला पाठवलं आणि माझं हे उत्तर पार निकालात निघालं.

तिथे आमच्या प्रोजेक्टवर एक टेस्टर होता, साठीला आलेला, अबोल. राहायला जवळच्या एसेनमध्ये. एकदा जेवताना बाबांच्या खाणीचा विषय निघाला. तो खुलला. त्याचे वडीलही कोळसा खाणीत होते, आजोबाही. 'शनिवारी काय करतोस?' एवढंच विचारलं आणि शनिवारी मला ट्रेनने एसेनला बोलावून घेतलं. रॉट-वाइस एसेनच्या सामन्याला. रॉट-वाइस म्हणजे लाल-पांढरा.

आपल्याला जर्मनी म्हटलं की बायर्न म्युनिक आठवतं. हा क्लब त्या दिवशी तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. आणि स्टेडियम? वीसेक हजारांचं. आत शिरलो तर कानठळ्या! सामना अगदी रटाळ झाला, पण माझं लक्ष सामन्यात नव्हतंच. शेजारी बसून हा अबोल माणूस दीड तास क्लबची कुंडली सांगत होता.

1907 साली कामगार वस्तीतल्या पोरांनी क्लब काढला. 1953 ला जर्मन कप. 1954 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये हंगेरीविरुद्ध ज्या हेल्मुट रानने विजयी गोल मारला तो याच क्लबचा. 1955 ला हे लोक अख्ख्या जर्मनीचे चॅम्पियन झाले आणि त्यानंतरच्या पहिल्यावहिल्या युरोपियन कपमध्ये खेळले. आणि मग? मग उतरण. क्लब खाली-वर होत राहिला, नंतर खालीच. 2010 मध्ये दिवाळं निघालं. थेट पाचव्या श्रेणीत ढकलले गेले. तिथून एक पायरी वर चढले आणि चौथ्या श्रेणीत अकरा मोसम अडकून पडले. 2022 मध्ये एकदाचे तिसऱ्या श्रेणीत आले.

'तू चॅम्पियन झालेलं पाहिलंस?' मी विचारलं.

'मी तेव्हा जन्मलो नव्हतो.'

'मग 2010 ला काय केलंस?'

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. 'सभासदत्वाची फी भरली,' तो म्हणाला. 'नेहमीसारखी.'

जर्मनीत बहुतेक क्लब मूळचे सभासदांच्या संस्था. आपल्याकडच्या मंडळासारख्या, रजिस्टर केलेल्या. 1998 पासून तिथे नियम आहे की व्यावसायिक टीमसाठी कंपनी काढली तरी मतांचा मोठा हिस्सा सभासदांच्या संस्थेकडेच राहायला हवा. पन्नास अधिक एक, असं त्याला म्हणतात. एकदोन ठिकाणी अपवाद आहेत, पळवाटा आहेत, वादही चालू असतात. पण मूळ कल्पना कोल्हापूरच्या काकांना एका वाक्यात समजली असती.

येताना त्याने मला त्सोलफेराइनची खाण दाखवली. 1986 ला बंद झालेली, आता जागतिक वारशाच्या यादीत, आत म्युझियम. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर 2018 मध्ये बंद झाली, तीही शेजारच्याच बोट्रोप गावात. म्हणजे बघा, वडिलांची खाण गेली, आजोबांची गेली, देशातल्या सगळ्या गेल्या. माणसं कुठल्या कुठे पांगली. आणि क्लब शनिवारी तीन-चार डिव्हिजन हिंडून आलेला, पण जागेवर!

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. कोळशाचं गाव, माणसं टिकत नाहीत, सगळे पांगले... चौदा वर्षांचं आणि वर तीन वर्षांचं माझं उत्तर त्या ट्रेनमध्येच सुटलं. आता खरं काय झालं ते सांगायलाच हवं.

खरं काय झालं

2004 ते 2006, आमची टीम दोन वर्षं चालली. नाव नव्हतं. 'आपली टीम' एवढंच. मुरमाचं मैदान, पडलं की गुडघा सोलणार. प्रत्येकी वीस रुपये काढून चंद्रपूरहून नंबर पाचचा खरा बॉल आणला होता, शिवणीचा. त्याआधी रबरी बॉलने खेळायचो. हिशेब माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. दोनशे पानी वही, एक हवा भरायचा पंप आणि बॉल, तिन्ही वस्तू आमच्या घरी. आजूबाजूच्या गावांत जाऊन सामने खेळलो. बहुतेक हरलो. पण पावसाळ्यात, चिखलात, अंधार पडून बॉल दिसेनासा होईपर्यंत खेळलेलं ते सगळं मला अजून दिसतं.

दहावी झाली. मला नागपूरला अकरावीला ॲडमिशन मिळाली. आणखी तिघे-चौघे बाहेर पडले, एकाच्या वडिलांची बदली झाली. इथपर्यंत सगळं नेहमीचंच.

निघायच्या आदल्या दिवशी पाच-सहा लहान पोरं दारात आली. सहावी-सातवीतली. आम्ही खेळायचो तेव्हा बाहेर गेलेला बॉल आणून द्यायची, हाफ टाइमला दोन किका मारायला मिळाव्यात म्हणून ताटकळायची. त्यांच्यातला एक पुढे होऊन म्हणाला, 'दादा, बॉल देता का? आमी खेळून.'

मी म्हणालो, 'परत आलो की देतो.'

का म्हणालो? फोडतील म्हणून. आमचा बॉल आहे म्हणून. आम्ही नाही तर टीम कसली, असं वाटलं म्हणून. सोळा वर्षांच्या पोराचं डोकं ते! मी बॉल, पंप आणि वही गोणपाटात बांधली आणि माळ्यावर ठेवली. दिवाळीत घरी आलो तेव्हा आई म्हणाली, 'पोट्टे दोनदा येऊन गेले बॉल मांगाले. देऊन टाकाचा होता नं.' मी हो म्हणालो आणि मित्रांबरोबर चंद्रपूरला पिक्चर बघायला गेलो. उन्हाळ्यात आलो तेव्हा मैदानावर स्टम्प रोवलेले होते. क्रिकेट चालू होतं. बॉल मागायला पुन्हा कुणी आलं नाही.

महिंद्रा युनायटेड, मुंबई एफसी, पुणे एफसी, एफसी पुणे सिटी. मी ती यादी किती वेळा, किती तावातावाने लोकांना ऐकवली असेल! त्या यादीत एक नाव घालायचं राहिलं होतं. त्या टीमला नावच नव्हतं म्हणून सुटलं असेल कदाचित. पण तिला कुलूप लावणारा मालक मीच. ना तोटा झाला होता, ना कुणी स्पॉन्सर पळाला होता. पाच-सहा पोरं हात पुढे करून दारात उभी होती.

पावती नंबर चार

2024 च्या दिवाळीत राजुऱ्याला गेलो. आई म्हणाली, आल्या आल्या माळ्यावर कायले चढून रायला? गोणपाट तिथेच होतं. बॉलचं कातडं पापडासारखं तडकलेलं, आतला ब्लॅडर चिकटून गेलेला. पंपाचा वॉशर सुकलेला. वही मात्र ठणठणीत! शेवटच्या पानावर माझ्याच सुवाच्य अक्षरात 'शिल्लक रु. 47'.

संध्याकाळी मैदानावर गेलो. एका कोपऱ्यात क्रिकेट, दुसऱ्या कोपऱ्यात दहा-बारा पोरं आणि तीन पोरी रबरी बॉल लाथाडत होत्या. विटांचे गोलपोस्ट. कडेला एक जण गाडीवर बसून बघत होता. खाणीत डंपर चालवतो. त्याने मला ओळखलं, मी त्याला ओळखलं नाही. मग तो हसला आणि म्हणाला, 'दादा, तो बॉल हाये का अजून?'

तोच तो. सातवीतला.

मला वाटलं होतं तो रागावलेला असेल. राग नव्हता. तेच जास्त लागलं. माझ्या आठवणीत अठरा वर्षं रुतून बसलेली गोष्ट त्याच्या लेखी एक गंमत होती. मी सरळ माफी मागितली. तो गाडीवरून उतरला, म्हणाला, 'जाऊ द्या नं दादा. आता काय कराचं ते बोला.'

त्या रात्री त्याच्या अंगणात नऊ जण जमलो. महिन्याला पन्नास रुपये, नऊ जणांचे. मी एकटाच सगळे पैसे देऊ शकलो असतो, आणि तसं बोलूनही गेलो. डंपरवाला नको म्हणाला. 'तुमी नोकरी सोडली तं? मंग टीम बंद?' याला मी काय उत्तर देणार! वही नवीन घेतली. पहिल्या पानावर पहिली ओळ: 'मागील शिल्लक रु. 47'. खजिनदार मी नाही. पुण्यात राहणारा खजिनदार नको, हे मीच सांगितलं. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांची मुलगी खेळते, वही त्यांच्याकडे. बॉल दोन. ते रोज वेगळ्या पोराच्या घरी जातात, म्हणजे कुणा एकाच्या माळ्यावर जायची भीती नाही.

टीम काही फार मोठी झालेली नाही. पहिला सामना आम्ही पाच-शून्यने हरलो. दोन पोरांचे बाबा गेल्या जूनमध्ये बदली होऊन गेले, त्यांच्या जागी नवी आली. नाव अजून ठरलेलं नाही. एक गट म्हणतो गावाचं नाव हवं, एक म्हणतो वाघ हवाच, पोरींना दोन्ही नको आहे. भांडण चालू आहे. मला ते फार आवडतं. ज्या गोष्टीवरून भांडतात ती आपली असते, हे मी शाहू स्टेडियममध्ये बाटली चुकवताना शिकलोय.

मधे कोल्हापूरने फोनवर विचारलं, 'काय भावा, तुमच्या टीमचं काय?' मी म्हटलं, 'हरलो.' 'आणि वही?' 'वही आहे.' 'मग झालं की!'

माझ्या क्लबची जागा हैदराबादला गेली होती ना? तो हैदराबादचा क्लब 2021-22 ला लीग जिंकला आणि 2025 मध्ये तोही उठून दिल्लीला गेला, नवं नाव घेऊन. ही बातमी वाचली तेव्हा मला हैदराबादमधल्या, कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून नोकरीला आलेल्या, पिवळी जर्सी कपाटात ठेवणाऱ्या पोराची आठवण आली. त्याला मी ओळखत नाही. पण भेटला तर विचारीन, तुझ्या गावच्या मैदानावर कोण खेळतं रे आता?

पन्नास रुपये मी मोबाइलवरून पाठवतो. पण ताई पावती फाडतात, कागदाची, आणि जमली की आईकडे देतात. मागच्या खेपेला आईने पहिल्या महिन्याची पावती माझ्या बॅगेत टाकली. पावती नंबर चार. वर क्लबच्या नावाची जागा कोरी. ती मी केशरी जर्सीच्या घडीत ठेवली आहे.